दोन्ही पाय धड, तरी एका पायाची सायकल : माझा अनुभव

फिजिओथेरपी विभागाच्या छापील अर्जात 'बाधित अवयव : उजवा / डावा / दोन्ही' असा एक रकाना होता आणि त्या रकान्यापायी माझे पाच आठवडे वाया गेले, हे आधीच सांगून टाकते.

मला सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार आहे. आयुष्यात कधी विडी ओढली नाही. पण लहानपणापासून चुलीत नारळाची सोडणे आणि सुक्या झावळ्या जाळल्या, शाळेत नोकरीला लागल्यावरही पुष्कळ वर्षे घरात चूलच होती. फुंकण्याची चाचणी, निदान, इनहेलर हे सारे सुरळीत झाले. छातीच्या डॉक्टरांनी व्यायाम लिहून दिला : सायकल, पण एका वेळी एकाच पायाने, मग पाय बदलून.

हा कागद घेऊन मी कुडाळहून एस.टी.ने रुग्णालय गाठले. खिडकीवरच्या गृहस्थांनी केसपेपर वरखाली पाहिला आणि विचारले, "दोनय पाय बरे आसत, मग दुखता खंय?" दुखत काहीच नाही, दम लागतो, असे मी सांगितले. त्यांनी मला हाडांच्या विभागात पाठवले. तो तोपर्यंत बंद झाला होता. पुढच्या मंगळवारी तिथल्या तरुण डॉक्टरांनी माझे गुडघे वाकवून पाहिले आणि 'सांध्यांची तक्रार नाही' असा शेरा मारला. त्या शेऱ्याच्या आधारावर खिडकीने अर्ज नाकारला. तिसऱ्या मंगळवारी छातीचे डॉक्टर रजेवर होते. चौथ्या मंगळवारी त्यांनी खुलाशाचे पत्र दिले, तर पाचव्याला त्यावर शिक्का नाही म्हणून ते परत आले.

त्या पाचव्या मंगळवारी माझा संयम सुटला आणि माझ्यातली शिक्षिका जागी झाली. मी विचारले, "तुमची बाग आहे ना? विहिरीवरचा पंप लहान असला आणि दोन्ही पाट एकदम सोडले, तर कुठल्याच माडाच्या मुळाशी धड पाणी पोचत नाही. एक पाट बुजवला की दुसऱ्या बाजूचे माड नीट भिजतात. माझी छाती हा तो लहान पंप आहे." गृहस्थ क्षणभर विचारात पडले. मग म्हणाले, "ता खरा, पण रकान्यात काय लिवू?"

सहाव्या मंगळवारी शिक्क्यासह 'दोन्ही, आळीपाळीने' असे लिहून अर्ज एकदाचा दाखल झाला. म्हणून सांगते : पत्रात 'आळीपाळीने' हा शब्द आणि कारण फुफ्फुसाचे आहे हे वाक्य डॉक्टरांकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्यावे, शिक्का तिथेच मारून घ्यावा आणि झेरॉक्सच्या तीन प्रती जवळ ठेवाव्यात.

खिडकीवर जे पटवता आले नाही, ते सायकलवर पहिल्याच दिवशी दिसले. दोन्ही पायांनी 40 वॅटवर मारली तेव्हा चौथ्या मिनिटाला मी थांबले. पायांत अजून बळ होते, पण आत घेतलेला श्वास पुरता बाहेर पडायच्या आत पुढचा घ्यावा लागत होता, छाती फुगलेलीच राहत होती आणि रक्तातला प्राणवायू मोजणारा बोटावरचा ऑक्सिमीटर 95 वरून 88 वर आला होता. विश्रांतीनंतर डावा पाय स्टुलावर ठेवून एकट्या उजव्याने 20 वॅटवर मारली. उजव्या पायाला काम तेवढेच होते, कारण मघाशीही त्याच्या वाट्याला 20 च आले होते. पण राबणारे स्नायू निम्मे, म्हणून श्वासावरचा ताण बराच कमी. बारा मिनिटे झाली. थांबले ती मांडी भरून आली म्हणून, आणि ऑक्सिमीटर 93 दाखवत होता. पुढे डाव्यानेही तेवढेच केले. हिशेब मांडला तर दोन्ही पायांनी मिळून 160 वॅट-मिनिटे आणि आळीपाळीने 480, म्हणजे तिप्पट. फुफ्फुस यामुळे दुरुस्त होत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. स्नायू तयार होतात आणि तेच काम कमी दमात होते.

निरोगी माणसातही असेच काहीसे घडते, फक्त तिथे अडसर बहुधा हृदयाचा असतो. दोन्ही पाय जोरात चालू असताना हृदयाला रक्त वाटून द्यावे लागते. एकच पाय चालला की त्याच्या वाट्याला अधिक येते, म्हणून एका पायाचा कमाल प्राणवायू वापर दोन्हींच्या निम्म्याहून बराच जास्त भरतो. स्वीडनचे शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेंग्ट साल्टिन यांनी 1976 मध्येच एका पायाच्या सरावावर काम प्रसिद्ध केले होते : जो पाय राबतो, त्याच्याच स्नायूंत मुख्य बदल होतात. म्हणूनच पाय बदलणे टाळू नये. कॅनडातील संशोधक डॉल्मेज आणि गोल्डस्टीन यांनी सीओपीडीच्या रुग्णांवर केलेला अभ्यास 2008 चा आहे. त्यात आठवड्याला तीन दिवस, प्रत्येक पायाला 15 मिनिटे, असे सात आठवडे व्यायाम दिला होता आणि दोन्ही पायांनी एकदम सायकल मारणाऱ्यांपेक्षा या गटाची कमाल क्षमता अधिक वाढली. माझेही वेळापत्रक तसेच आखले गेले. आता बाजारातून घरापर्यंतचा चढ मी एकदाच थांबून चढते, याचा मला अभिमान आहे.

एक राहिलेच. एका पायाने मारताना पेडल खालून वर आणणे फार जड जाते, कारण एरवी ते काम दुसरा पाय करतो. जांघेत दुखू लागते आणि दोष नाहक व्यायामाला दिला जातो. प्रयोगशाळांत यासाठी मोकळ्या पेडलवर सुमारे 10 किलो वजन लावतात. घरच्या सायकलसाठी फिजिओथेरपिस्टना विचारून मी फॅब्रिकेशनवाल्याकडून वजन बसवून घेतले. आमच्या खाऱ्या हवेत त्याचे नटबोल्ट पावसाळ्याआधीच गंजले, तेव्हा स्टेनलेसचेच घ्यावेत. साडीचा काठ वर खोचून बसावे, आणि व्यायाम संपल्यावर वजन काढून ठेवावे, कारण नातवंडे पेडल फिरवायला येतातच.