एक माळ आणि वर छत्तीस

आमच्या घराची आणि मागांच्या कारखान्याची भिंत एकच होती. सोलापुरात पूर्व भागात राहायचं म्हणजे हे आलंच. भिंतीपलीकडे आठ माग, आणि आठही एकदम चालू. पाहुणे आले की पहिली रात्र बसून काढायचे. पुण्याची आत्या कानात कापसाचे बोळे घालून झोपायची आणि सकाळी चहा घेताना ते काढायला विसरायची, त्यामुळे तिच्याशी ओरडूनच बोलावं लागे. आम्हाला त्या खटक्-फटक्‌ने कधी जाग आली नाही. जाग यायची ती लाइट गेल्यावर. आठ माग एका झटक्यात गप्प व्हायचे आणि अख्खं घर अंथरुणात उठून बसायचं. "लाइट गेली काय?" अंधारात कोणीतरी विचारायचंच. पंखा आमच्याकडे उन्हाळ्यापुरताच लागायचा, त्यामुळे लाइट गेल्याची वर्दी बारा महिने मागच द्यायचे.

अशा कानांवर 'डाफ्ट पंक' या फ्रेंच जोडीचं संगीत येऊन पडलं. आतेभावाने पुण्याहून एक सीडी आणली होती. कव्हर नाही, नावं नाहीत, वर स्केचपेनने नुसतं 'डान्स' लिहिलेलं. तिसऱ्या गाण्यात एक यंत्रासारखा आवाज 'अराउंड द वर्ल्ड' म्हणायला लागला आणि म्हणतच राहिला. दुसरा शब्द नाही, कडवं नाही. आजी पोथी बाजूला ठेवून म्हणाली, "अडकलीय ती. एक चापटी मार." अडकली नव्हती. ते गाणंच तसं होतं, सात मिनिटांचं आणि तीन शब्दांचं.

मला ते मोजायची हुक्की आली. बोटांवर जमेना, म्हणून आजीची जपमाळ घेतली आणि दर वेळी एक मणी ओढला. हेडफोन लावून, डोळे मिटून मी माळ ओढतोय हे बघून आजीने आईला बाहेर बोलावून काहीतरी सांगितलं, आणि पुढचे तीन दिवस मला रात्री दुधात साखर जास्त पडली. आकडा दर वेळी चुकायचा. शेवटी जमला तो असा: एक माळ पूर्ण आणि वर छत्तीस. म्हणजे 144. पुढे कितीतरी वर्षांनी एका लेखात हाच आकडा छापलेला दिसला, तेव्हा परीक्षेत पहिला आल्यासारखं वाटलं. (परीक्षेत पहिला कधी आलो नाही, त्यामुळे हा अंदाजच.)

पलीकडच्या कारखान्यातले मामा आमच्याकडे प्यायचं पाणी न्यायला येत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि मागाशी कुठल्या भाषेत बोलत ते त्यांनाच ठाऊक. एकदा ते दारात कळशी घेऊन थांबले आणि गाणं संपेपर्यंत ऐकत राहिले. मग म्हणाले, "बरा चाललाय बे माग. धोटा कुठं अडखळत नाही." (धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन मागात ये-जा करतो तो.) आजवर या दोघांच्या संगीतावर इंग्रजीतून बरंच वाचलंय, पण याहून नेमकं कोणी लिहिल्याचं आठवत नाही.

हे दोघं म्हणजे तोमा बांगाल्तेर आणि गी-मान्युएल द ओमेम-क्रिस्तो. पॅरिसचे, शाळेतले दोस्त. आधी 'डार्लिन' नावाचा गिटारवाला बँड काढला होता. लंडनच्या एका संगीत साप्ताहिकाने त्यांच्या वाजवण्याला 'डाफ्ट पंकी थ्रॅश' म्हटलं, म्हणजे आपल्या भाषेत येडपट धिंगाणा. दोघांनी तीच शिवी उचलून 1993 मध्ये नव्या जोडीला नाव म्हणून लावली. हे मला फार सोलापुरी वाटतं. आमच्या गल्लीत निम्म्या लोकांना त्यांच्या टोपणनावानेच पत्रं यायची, आणि त्यातलं एकही टोपणनाव इथे छापण्यासारखं नाही.

2021 च्या फेब्रुवारीत थांबले तोवर अठ्ठावीस वर्षं झाली होती, आणि स्टुडिओत केलेले अल्बम किती, तर चार. त्यावर प्रत्यक्ष कार्यक्रमांचे दोन आणि 2010 मध्ये एका हॉलिवूडपटासाठी मोठा वाद्यवृंद घेऊन केलेलं संगीत. सगळं मिळून एका पिशवीत मावेल. आमचे मामा एका महिन्यात याहून जास्त चादरी काढायचे.

पहिला अल्बम 'होमवर्क', जानेवारी 1997. बांगाल्तेरच्या घरी, झोपायच्या खोलीत केलेला, म्हणून हे नाव. जानेवारी म्हणजे आमच्याकडे गड्डा, सिद्धेश्वरांची यात्रा. नंदीध्वज, हलग्या, आणि होम मैदानावर पाळणे, मौत का कुआँ, भजी. त्यामुळे माझ्या डोक्यात 'होमवर्क' आणि होम मैदान यांची कायमची गाठ बसली आहे. त्या अल्बमवर 'टीचर्स' नावाचं एक गाणं आहे, त्यात दुसरं काही नाही, ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं एकामागून एक घेतली आहेत. आपल्याकडे गवई गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात. या दोघांनी तेच तालावर केलं.

दुसरा, 2001 चा 'डिस्कव्हरी', जुन्या कापडाचा आहे. 1979 सालचं एडविन बर्डसाँगचं एक गाणं घेतलं, त्याचा वीतभर तुकडा कापला, तो पुन्हा पुन्हा जोडला आणि त्यावर 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' उभं केलं. 'वन मोअर टाइम'मध्ये एडी जॉन्स नावाच्या गायकाच्या, पुन्हा 1979 च्याच, गाण्याचे तुकडे आहेत. आई जुन्या लुगड्यांची वाकळ शिवायची तेव्हा कुठला तुकडा कोणाच्या लुगड्याचा ते बोट ठेवून सांगायची. इथे मात्र जॉन्सपर्यंत त्या तुकड्याचे पैसे पोहोचलेच नव्हते, हे वीस वर्षांनी अमेरिकेतल्या एका वर्तमानपत्राने उघड केलं. तोवर त्याने बेघर होऊनही दिवस काढले होते. हे वाचल्यापासून ते गाणं मी ऐकतो, पण सुरुवातीचे ते तुतारीसारखे सूर आले की जरा अवघडल्यासारखं होतं.

आणि आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसलो ती. एका सुट्टीत मामांनी मला मागावर चढवून जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणायची यंत्रणा, दाखवलं होतं. वर जाड पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, दोऱ्याने एकमेकींना ओवलेल्या, मागावरून लोंबणारी एक लांबच लांब माळ. दर फेकीला एक पट्टी पुढे सरकते. भोक असेल तिथला हूक वर जातो आणि ताण्याचे, म्हणजे उभे, धागे उचलतो, भोक नसेल तिथला खालीच राहतो. मधून धोटा जातो. शेवटची पट्टी संपली की पहिली परत येते, आणि चादरीवर पहिला मोर संपून दुसरा मोर सुरू होतो. "हे कोणी काढलं?" मी विचारलं. मामा म्हणाले, "फॉरेनचं." मला वाटलं, त्यांना माहीत नसावं म्हणून फॉरेनवर ढकललं. खरंच फॉरेनचं निघालं. जोसेफ मारी जॅकार्ड हा फ्रान्समधल्या लियाँचा, आणि त्याचा माग 1804 च्या सुमाराचा.

बरीच वर्षं गेल्यावर मी रोलँड कंपनीच्या टीआर-909 या ड्रम मशीनचा फोटो पाहिला. 'होमवर्क'वर त्याच्या नावाचं एक गाणंच आहे, 'रेव्होल्यूशन 909'. खाली एका ओळीत सोळा बटणं. जे पेटलं तिथे ठोका पडतो, जे विझलं तिथे पडत नाही. सोळावं संपलं की पुन्हा पहिलं. मी फोटोकडे बघत बसलो. भोक असेल तर उचल, नसेल तर राहू दे. ही तर मामांची पट्टी! फ्रेंचांनी पाठवलेली पुनरावृत्ती आमच्या भिंतीपलीकडे रात्रपाळीत चालू होती आणि मी मात्र ती पॅरिसहून पुण्यामार्गे सीडीवर आलेली समजत होतो.

तेव्हापासून 'तेच तेच काय ऐकतोस' या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, ते म्हणजे चादर. सोलापुरी चादरीवर तोच मोर पाच वेळा येतो म्हणून कोणी दुकानदाराशी भांडत नाही. मोर तोच असतो, पण काठाजवळ रंग बदलतो, उलट बाजूला तोच मोर उलट्या रंगांत येतो. 'अराउंड द वर्ल्ड'मध्येही शब्द तेच राहतात आणि खालचे धागे बदलतात. कधी नुसता बेस उरतो, कधी नुसती थाप, मग सगळे एकदम परततात. तिसरा अल्बम, 'ह्यूमन आफ्टर ऑल', 2005. तो सहा आठवड्यांत उरकला म्हणतात आणि कानाला तसा लागतोही. मोर आहे, रंग बदलायचा राहिला. पण त्यातलीच गाणी 2007 मध्ये पॅरिसच्या कार्यक्रमात त्यांनी जुन्या गाण्यांत गुंफून वाजवली, तेव्हा ती जिवंत झाली. ते 'अलाइव्ह 2007' वर आहे. तिसरा विकत घ्यायचा असेल तर त्याऐवजी हा घ्या.

चौथ्याला, यंत्रमानवाचे मुखवटे घालून वावरणाऱ्या या दोघांनी यंत्रंच बरीचशी बाजूला ठेवली. 'रँडम ॲक्सेस मेमरीज', मे 2013. खरे ड्रमवाले, खरा गिटारवाला, टेपवर केलेलं ध्वनिमुद्रण. डिस्कोचा म्हातारा उस्ताद जॉर्जो मोरोदेर एका गाण्यात नुसता आपली गोष्ट सांगतो, त्यासाठीही त्यांनी वेगवेगळ्या काळातले मायक्रोफोन लावले होते. फरक कोणाला कळणार? धोट्यात कांडी कुठल्या गिरणीच्या सुताची आहे हे मामांना कळायचं, तसा कोणाला तरी कळत असेल. या अल्बमला 2014 चं सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं, पण मला त्याहून गंमत वाटते ती प्रकाशनाची. न्यूयॉर्क नाही, लंडन नाही, ऑस्ट्रेलियातल्या वी वा नावाच्या दोनेक हजार वस्तीच्या गावात, तिथल्या वार्षिक कृषी मेळ्यात, अल्बमच्या प्रकाशनाचा कार्यक्रम ठेवला. ते दोघं स्वतः गेलेही नाहीत. आणि वी वा कशासाठी प्रसिद्ध, तर कापसासाठी. होम मैदानावरही गड्ड्याच्या वेळी कृषी प्रदर्शन भरतं. हे एवढ्यासाठीच सांगतोय की त्यांनी जरा चौकशी केली असती तर आमची सोय झाली असती.

डीजे हा शब्द सोलापुरात वेगळ्याच अर्थाने चालतो. इथे डीजे म्हणजे माणूस नव्हे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली स्पीकरांची भिंत, जी मिरवणुकीत गल्लीत शिरली की कपाटातली भांडी नाचतात आणि छातीत कोणीतरी आतून दार ठोठावतं. गेल्या वर्षी एक मिरवणूक आमच्या दारात पाऊण तास उभी होती. मी नाचायच्या संगीताचा इतका जुना भक्त, पण खिडक्या लावून, कानात आत्यासारखे बोळे घालून बसलो. त्यात तोच मोर होता, पण चादर अंगावर घ्यायची असते, नाका-तोंडावर दाबायची नसते.

2023 मध्ये या चौथ्या अल्बमची एक आवृत्ती निघाली, ड्रम काढून टाकलेली. नाचायचं संगीत आणि ठोकाच नाही. तो काढल्यावर खालचं सगळं दिसायला लागतं, श्वास, तारांवरून घसरलेलं बोट, जणू फणी बाजूला करून कोणी ताणा उघडा दाखवावा.

कारखाना आता नाही. माग भंगारात गेले, तिथे पार्किंगसह चार मजले उभे आहेत. मामा आहेत, ऐंशीच्या घरात, कान बरेच गेलेत, आयुष्यभर मागावर उभं राहिलेल्यांचे जातातच. परवा भेटायला गेलो तेव्हा मोठे हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवले. आधी आवाज पूर्ण करून 'अराउंड द वर्ल्ड' लावलं. त्यांचा उजवा पाय खाटेखाली हलायला लागला. हसले. मग मी त्यांना न सांगता ती ड्रम नसलेली आवृत्ती लावली.

पाय थांबला. मामांनी मान वर करून छताच्या पंख्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग माझ्याकडे.

"लाइट गेली काय बे?"