तुम्ही विचारलंत म्हणून: काळ्या गाडीला कुठलं पॉलिश, कुठला पॅड?

"काळी गाडी आहे, पेंट सॉफ्ट आहे, स्वर्ल (उन्हात दिसणारे बारीक गोलाकार ओरखडे) काढायचेत. कुठलं पॉलिश घेऊ आणि कुठला पॅड?" प्रश्न एका ओळीचा असतो आणि उत्तरही एका ओळीतच हवं असतं. मग आधी तेच देतो. मेन्झर्ना ३८००, मेग्वायर्स एम २०५ किंवा सोनॅक्स परफेक्ट फिनिश, यांपैकी जे मिळेल ते. त्याच्या जोडीला मऊ फोमचा फिनिशिंग पॅड आणि साधं डीए मशीन, म्हणजे फिरता फिरता थरथरणारं. एकाच अक्षावर गरगर फिरणारं रोटरी नको.

हे ऐकून लोक खूश होऊन जातात. त्यातले बरेच जण नंतर परत येऊन सांगतात की स्वर्ल गेले, पण गाडी धुरकट दिसते, उन्हात तर आधीपेक्षा वाईट. मग बाटली बदलायची का असं विचारतात. बाटली बदलून काही होणार नाही, आणि ते का होणार नाही हे एका ओळीत मावत नाही, म्हणून हे सगळं लिहितो आहे.

सॉफ्ट पेंटवरचा ओरखडा काढणं अवघड नसतंच. लोण्यावरून सुरी फिरवली की लोणी सहज कापलं जातं, पण सुरीची रेघही राहते. अडचण त्या रेघेची आहे. कडक क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, जे पॉलिश नुसतं घसरतं, ते मऊ क्लिअर कोटवर स्वतःच्या बारीक खुणा सोडतं. फोमचा पॅडही सोडतो आणि पुसायचा फडकाही सोडतो. म्हणून निवड करताना "किती कापेल" हा प्रश्न दुय्यम आणि "कापून झाल्यावर काय मागे ठेवेल" हा खरा.

सॉफ्ट म्हणजे कुठला पेंट, हेही विचारलं जातं. होंडाचा क्रिस्टल ब्लॅक पर्ल, कोड एनएच ७३१ पी, मऊपणासाठी डिटेलिंगवाल्यांमध्ये प्रसिद्ध आहे. टोयोटाच्या २०२ काळ्यावर सहसा क्लिअर कोटच नसतो. मशीन लावलं की पॅड काळा होतो आणि माणूस घाबरतो, पण त्या पेंटचं ते वागणंच आहे. ढोबळ मानाने जपानी गाड्यांचा पेंट मऊ, जर्मन गाड्यांचा कडक असं म्हणतात आणि सुरुवातीच्या अंदाजाला ते ठीक आहे. पण त्याच गाडीचा एखादा दरवाजा बाहेर पेंट झालेला असेल तर तो अंदाज त्या दरवाजापाशी संपला. मायक्रॉन मीटर, म्हणजे पेंटची जाडी मोजणारं यंत्र, असेल तर लावा. कंपनीचा पेंट साधारण १०० ते १४० मायक्रॉन दाखवतो. २०० च्या वर आकडा गेला की पुन्हा रंगवलं आहे असं समजा. प्लास्टिकच्या बंपरवर नेहमीचं मीटर चालतच नाही. आणि हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो. क्लिअर कोट त्यातला जेमतेम ३५ ते ५० मायक्रॉन. नखाला अडकणारा ओरखडा काढायच्या मागे लागू नका, ही सूचना त्या आकड्यामुळे आहे.

आता पॅड. लोक बाटलीवर महिनाभर चर्चा करतात आणि पॅड दुकानदार देईल तो घेतात. सॉफ्ट पेंटवर मी हे उलटं करायला सांगतो. तेच एम २०५ नारंगी कटिंग पॅडवर एक काम करतं आणि काळ्या फिनिशिंग पॅडवर अगदी वेगळं. पण रंगावर विसंबू नका. लेक कंट्रीचा पिवळा फोम पॅड कटिंगचा, म्हणजे जोरकस. मेग्वायर्सचा पिवळा मधला, पॉलिशिंगचा. रुपेसचा पिवळा बारीक कामाचा. "पिवळा पॅड घ्या" एवढाच सल्ला कुणी दिला तर तो काहीच सल्ला नाही. मायक्रोफायबरचा कटिंग पॅड आणि लोकरी पॅड सॉफ्ट काळ्यावर पहिल्या झटक्यात स्वर्ल साफ करतात हे खरं आहे. त्याने जो धूर, म्हणजे धुरकटपणा, बसतो तो काढायला मात्र स्वतंत्र काम करावं लागतं, आणि त्यात क्लिअर कोट दोनदा झिजतो.

मुद्दा नीट कळावा म्हणून एक गाडी सविस्तर सांगतो. जपानी कंपनीची काळी सेडान. आधी दुसरीकडे रबिंग-पॉलिश करून आलेली, लोकरी पॅड, रोटरी आणि जाड कंपाऊंड (जाडसर कणांचं, जोरात कापणारं पॉलिश). सावलीत आरसा. मालकाची तक्रार एकच, दोन-तीन वॉशनंतर गाडीवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे का दिसतात? ते होलोग्राम होते, म्हणजे रोटरीने पाडलेल्या बारीक खाचा. पहिल्या दिवशी दिसले नव्हते, कारण कंपाऊंडमधल्या तेलाने आणि वरून लावलेल्या ग्लेझने (चमक आणणाऱ्या तेलकट लेपाने) खाचा भरल्या होत्या. शाम्पूने तेल गेलं, खाचा उघड्या पडल्या. कामाला हात लावण्याआधी पॅनेल वाइप (तेल पुसून काढणारा फवारा) मारला तो यासाठीच. आहे ते पूर्ण दिसलं पाहिजे, नाहीतर आपणही तेलालाच पॉलिश करत बसतो.

बॉनेटवर टेप लावून दीड फुटाचा चौकोन घेतला. एम २०५, पांढरा पॉलिशिंग पॅड, मशीनचा वेग ४ वर, उभे-आडवे मिळून चार पास, म्हणजे चार फेऱ्या. होलोग्राम गेले. टॉर्चखाली सगळीकडे सारखा राखाडी धूर. पुढच्या चौकोनात तेच पॉलिश, काळा फिनिशिंग पॅड, वेग ३, शेवटच्या दोन पासांना फक्त मशीनचं वजन. धूर कमी झाला, गेला नाही. तिसऱ्या चौकोनात मेन्झर्ना ३८०० तसंच. पुन्हा किंचित बरं, पुन्हा धूर. इथे बहुतेक जण अजून बारीक पॉलिश मागवतात.

मागवायचं नाही. आधी रेघा कुठल्या दिशेला आहेत ते बघायचं. डीए मशीनने बसवलेला धूर जवळून पाहिला तर बारीक स्वल्पविरामांसारखा दिसतो, वाटेल त्या दिशेला वळलेला. या बॉनेटवर स्वल्पविराम होते, पण त्यांच्या मध्ये सरळ रेघाही होत्या, सगळ्या पुढून मागे. मशीन कधी सरळ रेघ काढत नाही. खात्रीसाठी पुढचा चौकोन मुद्दाम डावीकडून उजवीकडे पुसला, तर रेघा आडव्या आल्या. म्हणजे जवळजवळ निम्मा धूर पॉलिशने नव्हे, पुसण्याने पडत होता. फडका चांगला होता, स्वच्छ होता. पण वाळलेलं पॉलिश कोरडंच ओढून काढलं जात होतं. मऊ क्लिअर कोटला एवढंही पुरतं. मग क्रम बदलला. पॉलिश ओलसर असतानाच त्यावर क्विक डिटेलरचा (पुसताना घसरण देणाऱ्या द्रवाचा) फवारा, दहा सेकंद थांबणं, चार घडी केलेला जाड, बिनकाठाचा मायक्रोफायबर टेकवून वजन न देता सरकवणं, आणि घडी लगेच उलटवणं. सरळ रेघा नाहीशा झाल्या.

उरले स्वल्पविराम. त्यांचं कारण पॅडमध्ये होतं. मऊ क्लिअर कोट भरपूर निघतो. तो पॉलिशमध्ये मिसळतो, चिकट गोळे होतात, आणि ते गोळे पॅडच्या तोंडावर बसून पुढच्या पासात पेंटवर फिरतात. कडक पेंटच्या गाडीला दोन फिनिशिंग पॅड पुरत असतील तर अशा गाडीला सहा लागतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने किंवा हवेने साफ केला, अर्ध्या पॅनेलनंतर बदलला. वापरलेला पॅड धुऊन लगेच लावला नाही, कारण ओला पॅड पॉलिश पातळ करतो, शिंतोडे उडतात आणि काप एकसारखा पडत नाही. नव्या पॅडवर तीन-चार वाटाण्याएवढे थेंब, तेही आधी पॅडच्या तोंडावर बोटाने सगळीकडे पसरवून, म्हणजे कोरडा फोम पेंटवर घासत नाही. तेच ३८००, तोच काळा पॅड. बॉनेट स्वच्छ निघालं. बाटली बदललेली नव्हती.

आणि त्याच गाडीच्या डाव्या मागच्या दरवाजावर हे सूत्र चाललं नाही! मीटर २३० दाखवत होतं. बाहेरचा पेंट, कडक क्लिअर. तिथे ३८०० स्वर्लवरून नुसतं फिरलं. त्या एका दरवाजाला एम २०५ आणि पांढरा पॅड, दाब देऊन. दारांच्या मधल्या काळ्या चकचकीत पट्ट्या उलट्या टोकाच्या. बॉनेटपेक्षाही मऊ. त्यांना छोटं मशीन, तीन इंची मऊ पॅड आणि दोनच पास. एक गाडी, तीन जोड्या. आता सांगा, "कुठलं पॉलिश" याचं एका ओळीतलं उत्तर यातल्या कुठल्या पॅनेलसाठी देऊ?

तुम्ही म्हणाल, आम्ही धंदेवाईक नाही, आम्हाला सोपं सांगा. रास्त आहे. मग टेस्ट स्पॉट, म्हणजे आधी एका छोट्या चौकोनावर करून बघणं, हेच सोपं. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश यांनी सुरुवात करा. स्वर्ल राहिले तर आधी पॅड एक पायरी वर न्या, पॉलिश तेच ठेवा. तरी राहिले तर पॉलिश वर न्या. दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं ते कळत नाही. मशीनच्या प्लेटवर मार्करने एक रेघ मारून ठेवा. ती फिरताना दिसली पाहिजे. पॅड नुसता थरथरत असेल आणि फिरत नसेल तर दाब जास्त आहे किंवा मशीन वाकडं धरलं आहे. हात सेकंदाला इंचभर, घाईने नाही.

एका गोष्टीवर माझंच माझ्याशी भांडण आहे. पॉलिशमधले कण दोन जातीचे असतात. मेन्झर्नामध्ये ते घासता घासता फुटून बारीक होतात. एम २०५ मध्ये ते आहेत तेवढेच राहतात. पूर्वी मी ठामपणे सांगायचो की नवशिक्याने सॉफ्ट पेंटला न फुटणारेच घ्यावेत, कारण फुटणाऱ्यांना पूर्ण वेळ दिला नाही तर अर्धवट फुटलेले कण धूर सोडतात. ते मला आजही पटतं. पण न फुटणाऱ्यांचा दुसरा त्रास असा की ते शेवटपर्यंत तेवढंच कापत राहतात. शेवटचा पास हलका पडला नाही तर तेही खूण ठेवतात, आणि पॉलिश कोरडं पडलं तर जास्तच. हात स्थिर असलेल्याने मेन्झर्ना घ्यावं, बाकीच्यांनी एम २०५, असं अलीकडे म्हणतो. हे म्हणणंही मुंबईच्या जुलैत डळमळतं. दमट हवेत एम २०५ चं तेल पेंटला चिकटून बसतं, पुसायला जास्त ओढावं लागतं, आणि पुसण्याने काय होतं ते वर सांगितलंच. उलट मे महिन्यात, नागपूर सोडा, पुण्यातही बंद गॅरेजमधलं बॉनेट इतकं तापलेलं असतं की कुठलंही पॉलिश वेळेआधी वाळतं. बॉनेटवर हाताची पालथी बाजू आरामात ठेवता येत नसेल तर त्या वेळी मशीन लावू नका.

अल्कोहोलबद्दल थोडं. तपासणीसाठी पुसायला पाण्यात मिसळलेलं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) १० ते १५ टक्के पुरे, किंवा तयार पॅनेल वाइप. कडक मिश्रण मऊ काळ्यावर घासलं तर तपासणीच नव्या रेघा पाडते. क्लेबारही (पेंटला चिकटलेली घाण ओढून काढणारी मातीसारखी वडी) शक्य तेवढा मऊ आणि भरपूर पाण्या-शाम्पूसोबत. क्लेने पडलेल्या खुणा तुमच्या टेस्ट स्पॉटमध्ये मोजल्या जातात आणि तुम्ही उगाच जोरकस पॅड निवडता.

मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो पुढच्या प्रश्नाचा. "हे केलं की स्वर्ल परत येणार नाहीत ना?" येतील. सोसायटीत सकाळी एकच बादली आणि एकच फडका घेऊन वीस गाड्यांवर धूळ ओढली जात असेल तर येतील. त्या माणसाचा दोष नाही, त्याला तेवढेच पैसे आणि तेवढंच पाणी मिळतं. त्याला म्हणा, काचा पूस, पेंटला हात लावू नको, पैसे तेच घे. हे ज्यांनी केलं त्यांच्या गाड्या टिकल्या आहेत. सिरॅमिक कोटिंगने धूळ सुटायला मदत होते, पण कोरड्या धुळीवरून ओढलेला फडका कोटिंगलाही रेघा पाडतो. बोअरच्या पाण्याचे डाग स्वर्ल नव्हेत, ते क्षार आहेत. त्यांना आधी वॉटर स्पॉट रिमूव्हर लावा. तो डाग थेट पॉलिशने काढायला गेलात तर गरजेपेक्षा जास्त क्लिअर घालवाल.

आणि शेवटचा एखादा धूर, जो फक्त टॉर्च एका विशिष्ट कोनात धरली तरच दिसतो, त्याचं काय? तो काढायला आणखी एक पास लागतो, म्हणजे क्लिअर कोटचा आणखी थोडा भाग जातो, आणि मऊ पेंटच्या गाडीला पुढच्या दहा वर्षांत हे काम पुन्हा लागणार आहे. मालक गाडी विकायला काढणार असेल तर मी थांबतो. गाडी त्याच्याकडेच राहणार असेल तर खरं म्हणजे तेव्हाच थांबायला हवं, आणि नेमका तोच मालक म्हणतो की अजून एकदा फिरवा. काही वेळा फिरवतो, काही वेळा नाही म्हणतो. मीटरचा आकडा ९० च्या खाली असेल तर कुणीही सांगितलं तरी फिरवत नाही.