कंपनीची गाडी हिरवी झाली, पण छोटी काही होईना

इकडे इंग्लंडात कंपनीने गाडी दिलीय म्हटलं की भारतातून पहिला प्रश्न कुठली आणि दुसरा, एवढीशीच का? आमच्या काकांना तर अजून पटत नाही, मॅनेजर झालास ना मग जरा दणकट गाडी मागून घ्यायचीस म्हणतात. पण काका, इकडे कंपनीची गाडी फुकट नसते! घर ते ऑफिस जायला वापरली तरी तो खासगी वापर, म्हणजे पगाराचाच भाग, आणि त्यावर इन्कम टॅक्स. त्याला बेनिफिट इन काइंड म्हणतात, ऑफिसात नुसतं 'बिक'. गाडीची लिस्ट प्राइस घ्यायची, धुरातल्या कार्बनवरून ठरलेला टक्का लावायचा आणि येईल त्या रकमेवर आपल्या स्लॅबने टॅक्स भरायचा, कंपनीला डीलरने किती डिस्काउंट दिला याच्याशी काही संबंध नाही.

समजा ३०,००० पाउंडांची पेट्रोल गाडी आहे आणि टक्का ३० लागतोय, तर ४० टक्के स्लॅबवाल्या माणसाला वर्षाला ३,६०० पाउंड टॅक्स. इलेक्ट्रिकला २०२५-२६ ला टक्का फक्त ३ होता, म्हणजे ३६,००० ची घेतली तरी ४३२ पाउंड. आता सांगा, पर्यावरणावर भाषण कशाला द्यायला पाहिजे? फ्लीटची, म्हणजे कंपनीच्या सगळ्या गाड्यांची, यादी मी बघतो, लोक आपणहून इलेक्ट्रिक मागतात.

हे सगळं असं २००२ पासून. त्याआधी उलटा कारभार होता, ऑफिसच्या कामाचे १८,००० मैल झाले की टॅक्स कमी, म्हणून मग वर्षअखेरीला आकडा गाठायला लोक उगाच गाडी पळवायचे असं जुनी मंडळी हसत सांगतात. मग कार्बनवर टॅक्स आला तर सगळे डिझेलकडे वळले, कारण डिझेलचा कार्बन कमी, आणि डिझेलच्या धुरातल्या विषारी नायट्रोजन ऑक्साइडचं काय ते कोणी विचारलंच नाही. २०१५ ला फोक्सवॅगनचा डिझेलच्या धुराच्या चाचणीत फसवाफसवी केल्याचा घोटाळा बाहेर आला, पुढे बऱ्याच डिझेल गाड्यांवर ४ टक्के जादा बसले, आणि ऑगस्ट २०२३ पासून अख्ख्या लंडनमध्ये जुनी डिझेल गाडी नेली की दिवसाला साडेबारा पाउंड. प्लग-इन हायब्रिडची (पेट्रोलवरही चालते आणि केबल लावून चार्ज केलेल्या बॅटरीवरही) तर गंमतच, टॅक्स वाचवायला घेतलेल्या गाड्या लीज संपून परत आल्या तर काहींची चार्जिंगची केबल डिकीत प्लास्टिकमध्ये तशीच गुंडाळलेली! म्हणजे कागदावर हिरवी, रस्त्यावर पेट्रोल.

पण माझं खरं दुखणं वेगळंच आहे. इलेक्ट्रिकमध्ये छोटी घ्या नाहीतर दोन टनांची एसयूव्ही घ्या, टक्का एकच. किमतीमुळे थोडा फरक पडतो पण एवढ्या कमी टक्क्यात तो जाणवतच नाही, मग माणूस मोठीच घेणार ना. भलीमोठी बॅटरी आणि तेवढं लोखंड एकट्या माणसाला मीटिंगला न्यायला. माणसाला टॅक्समधून हे दिसत नाही, पण कंपनीला दिसतं: लीजचा हप्ता, टायर, विमा, आणि मैलामागे लागणारी वीज. इथली पार्किंगची एका गाडीची जागा साधारण २.४ मीटर रुंद, त्यात मोठी गाडी घातली की दार किलकिलं करून अंग चोरून बाहेर यायचं, हे रोज चाललेलं असतं.

म्हणून आम्ही यादी पगाराच्या ग्रेडवरून न करता कामावरून करायला घेतली, कोण किती मैल जातो, सोबत काय नेतो. सर्व्हिस इंजिनिअरला अवजारं, शिडी न्यायची तर त्याला व्हॅनच पाहिजे, तिथे छोटी गाडी देऊन चालत नाही. बाकीच्यांना हॅचबॅक पुरते. कुरकुर झालीच, विशेषतः सेल्सवाल्यांची, क्लायंट काय म्हणेल वगैरे (क्लायंट काही म्हणत नाही, तो स्वतः ट्रेनने येतो).

अडतं ते चार्जिंगला. चाळीसारख्या सलग घरांत राहणाऱ्याला गाडी रस्त्यावर लावावी लागते, घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि बाहेरच्या चार्जरवर २०, वर तिथला दरही चढा. अशा लोकांना जबरदस्तीने इलेक्ट्रिक देणं मला बरोबर वाटत नाही, त्यांच्यासाठी सध्या छोटी साधी हायब्रिड ठेवलीय. इलेक्ट्रिकचा टक्का २०२८-२९ ला ७ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ९ होणार हे जाहीर झालेलं आहे, तेव्हा एसयूव्हीवाले आपणहून विचारायला येतात का बघू.