सिलिॲक निघालं, तेही चाळिशीत

माझं पोट कधी फारसं दुखलंच नाही, त्यामुळे डॉक्टर सिलिॲक (गव्हासारख्या धान्यातल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करतं तो आजार) म्हणाल्या तेव्हा मला वाटलं चुकून दुसऱ्या कुणाचा रिपोर्ट बघतायत. मी गेले होते थकव्यासाठी. लोहाच्या गोळ्या घेऊन घेऊन कंटाळा आला तरी हिमोग्लोबिन वर सरकत नव्हतं, सारखं तोंड यायचं, आणि सगळेजण स्ट्रेस आहे, झोप घे, एवढंच सांगायचे. शेवटी एका डॉक्टरांनी टीटीजी-आयजीए ही या आजाराच्या अँटीबॉडीज शोधणारी रक्ताची टेस्ट लिहून दिली, सोबत टोटल आयजीए पण (आयजीए हा अँटीबॉडीजचाच एक प्रकार), कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली टेस्ट उगाच निगेटिव्ह दिसू शकते. मग एंडोस्कोपी आणि बायोप्सी. लहान आतड्याच्या आत अन्न शोषणारे बारीक बारीक उंचवटे असतात ते माझे सपाट झाले होते, आता लोह शोषलं जाणार तरी कुठून!

ज्यांना शंका आहे त्यांना एकच सांगते, टेस्ट पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नका. आधीच सोडलात तर रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग परत खायला लागून टेस्ट करावी लागते.

गोळी काय ते विचारलं तर गोळी नाहीच, ग्लूटेन बंद, कायमचं. गहू, बार्ली, राय ही तिन्ही धान्यं. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला या आजारात गव्हावर आधीपासून संशय होता, १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिकडे ब्रेडच मिळेना आणि ही आजारी मुलं उलट सुधारली. इतकी वर्षं झाली तरी उपाय तोच आहे हे वाचून हसावं की रडावं कळेना.

तर गहू सोडणं जमलं, भात, मका, बटाटे, डाळी, अंडी हे सगळं आहेच की. खरा त्रास ‘थोडंसं’ या प्रकाराचा. ग्लूटेन-फ्रीची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम, म्हणजे तुमच्या टोस्टरमधल्या चुऱ्याने पण माझी वाट लागू शकते, आणि हे समोरच्याला पटवायचं कसं? टोस्टर, चाळणी, लाकडी पोळपाट माझे वेगळे केले, तळणीचं तेल वेगळं. सॉस, सूप, बिस्किटं सगळ्याची लेबलं वाचायची, माल्ट लिहिलं असेल तर ते बहुतेक बार्लीचं, आणि व्हीट-फ्री म्हणजे ग्लूटेन-फ्री नव्हे. ओट्स पण गव्हापासून वेगळे पिकवलेले-दळलेलेच लागतात, आणि तेही काहींना चालत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी मला सुरुवातीला थांबायलाच सांगितलं.

कुणाकडे जेवायला गेलं की सुरू, अगं एक घास खाल्लास तर काय होतंय. आधी मी पोट दुखतं म्हणायचे, पण माझं दुखत नाही हे सगळ्यांना माहीत! आता सरळ सांगते की मला जाणवत नाही पण आत आतडं खराब होतं. तरी काहींना ते डाएटचं फॅडच वाटतं, वाटू दे. निघायच्या आधी घरी थोडं खाऊन घेते म्हणजे मोह पण होत नाही आणि तोंड पाडून बसावं लागत नाही.

थकवा गेला हळूहळू, एकदम नाही. सुरुवातीला दूध पण सोसत नव्हतं, आतडं सुधारलं तसं चालायला लागलं. अँटीबॉडीज उतरतायत पण मोठ्या माणसांत आतडं पूर्ण भरून यायला दोन-दोन वर्षं किंवा जास्तही लागतात म्हणे. हाडांची घनता मोजणारी डेक्सा स्कॅन पण करून घ्या, माझं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बरंच कमी निघालं.

आणि हो, आई-वडील, भावंडं, मुलं यांची पण टेस्ट करायला सांगतात, त्रास नसला तरी. भावाची निगेटिव्ह आली, पण पुढे कधीही होऊ शकतं त्यामुळे त्याला परत करावी लागेल. बहीण अजून टाळतेय, मला काही होत नाही म्हणते, मी पण हेच म्हणायचे हे तिला रोज ऐकवते.