जोधपूरचं टेबल आणि रत्नागिरीचा पाऊस

कोकणात राहून भारीतलं लाकडी फर्निचर ऑनलाइन मागवणार असाल, तर किमतीच्याही आधी एक गोष्ट विचारा: टेबलाचा टॉप खालच्या फ्रेमला कसा धरलाय? फोटोंत हे दिसत नाही. टेबल उलटं करून काढलेला फोटो साइटवर सहसा नसतो. तो मागून घ्यावा लागतो, आणि मागितला की बहुतेक जण पाठवतात.

आम्ही शिसमचं सहा माणसांचं टेबल घेतलं. जोधपूरला बनलेलं, सगळं भरीव लाकूड, खुर्च्यांसकट लाखाच्या घरात. (उत्तरेतला शिसम आणि आपल्या सह्याद्रीतला शिसव ही एकाच कुळातली, पण वेगवेगळी झाडं. आजोळच्या काळ्याभोर शिसवी कपाटाचा रंग या टेबलात शोधू नये.) कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका कंपनीचा नाही.

आमचं घर रस्त्यापासून पाखाडी (पायऱ्यांची वाट) उतरून खाली. ऑर्डर करताना मजला विचारला, लिफ्ट विचारली, आम्ही तळमजला लिहिलं. ते खरंच होतं. टेम्पो वर रस्त्यावर थांबला आणि ड्रायव्हर म्हणाला, "ताई, गाडी लागते तिथपर्यंतच आमचं काम." साइटवर ‘घरपोच’ लिहिलेलं होतं. शेवटी नाक्यावरून हमाल आणले, शेजारचे दोघे आले, आणि जांभ्याच्या पायऱ्यांवरून तो अवजड टॉप उभा धरून खाली उतरवला. हमालीची पावती कंपनीला पाठवली, पैसे परत मिळाले. पण ते आधी लेखी ठरवून घेतलेलं बरं. पाखाडी, अरुंद बोळ, जिन्याचं वळण, जे असेल त्याचा फोटो ऑर्डरच्या वेळीच पाठवावा.

मग ओटीपी. खोकी उघडायच्या आत तो मागतात. ओटीपी दिला म्हणजे माल चांगल्या स्थितीत मिळाल्याची सही झाली. त्यांनाही पुढच्या गावी जायचं असतं, मला कळतं. त्यांना चहा दिला, पण प्रत्येक खोकं उघडल्याशिवाय ओटीपी दिला नाही. एका खुर्चीचा पाय ठेचलेला निघाला. तिथेच फोटो काढले, चलनावर लिहून घेतलं. ती खुर्ची विनातक्रार बदलून मिळाली.

टेबल आलं वैशाखात. पावसाळ्यात त्यात बदल दिसू लागला. टॉप मधोमध किंचित फुगला, खालच्या फ्रेमचा एक कोपरा सुटू लागला, आणि थंडी सुरू झाल्यावर टॉपच्या दोन फळ्यांच्या मधोमध उभी चीर गेली. कंपनीचं उत्तर आलं: नैसर्गिक लाकडात असं होतं.

आमच्या सुतारकाकांनी टेबल उलटं केलं. जागोजागी स्क्रू, सगळे घट्ट, टॉप फ्रेमला जखडून टाकलेला. ते म्हणाले, "वहिनी, लाकूड पावसाळ्यात पाणी पितं, रुंदीला वाढतं. लांबीला जवळजवळ नाहीच. त्याला सरकायला जागा नको?" जोधपूरला वर्षाचा पाऊस चारशे मिलिमीटरच्याही आत, आमच्याकडे तीन हजारांच्या वर. तिथे सुकवलेलं लाकूड इथल्या हवेत फुगणारच. जागा दिली तर काही मिलिमीटर सरकतं आणि उन्हाळ्यात परत येतं. दिली नाही तर ते स्वतःला चेपून घेतं, फ्रेमला ढकलतं, आणि आकसताना फाटतं. म्हणजे फुगणं नैसर्गिक. फाटणं बनवणाऱ्याच्या हातचं. लांबट भोकात स्क्रू बसवायचा, किंवा फ्रेमच्या खाचेत सरकणारी लाकडी ठोकळी लावायची, एवढंच करायचं होतं. खर्च नगण्य.

हे सगळं उलट्या टेबलाच्या फोटोंसह कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिलं. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे असा अधिकारी नेमणं बंधनकारक आहे. 48 तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण. सोबत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवली. त्याच्याही पुढे जायची तयारी होती: 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा करता येतो, त्यासाठी जोधपूरला खेटे घालावे लागत नाहीत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण तशी वेळ आली नाही. कंपनीच्या कारखान्यातल्या माणसाचा फोन आला. त्याला चूक लगेच समजली, आणि तो अतिशय नीट बोलला. लाकडाचं काम जाणणारी माणसं तिथे आहेत. ग्राहकाशी बोलायला मात्र ती पुढे येत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

नवा टॉप मिळायचा ठरलाय. मी दोन अटी लेखी घेतल्यात. पाठवण्याआधी लाकडात मॉइश्चर मीटर (ओलावा मोजायचं यंत्र) टोचून आकड्याचा फोटो द्यायचा, तो आकडा आठ ते बारा टक्क्यांच्या दरम्यान हवा. आणि फ्रेमला लांबट भोकं पाडायचं काम आमच्या सुतारकाकांकडून, कंपनीच्या खर्चाने.