ती व्यक्ती

"एवढी वर्षं घरी खोटं कसं बोललात?" हा प्रश्न मला हमखास येतो. ऑफिसातले सहकारी चहाच्या टपरीवर विचारतात, ओळखीतून फोन करणारी एकोणीस-वीस वर्षांची मुलं विचारतात, परवा ताईच्या नणंदेनंही विचारलं. बहुतेकांच्या बोलण्यात दोष देण्याचा सूर नसतो, त्यांना खरोखरच उलगडत नाही. मी समलिंगी आहे हे मला चौदाव्या वर्षी कळलं आणि आईला मी सांगितलं तिसाव्या वर्षी. मधली सोळा वर्षं कशी काढली, असं त्यांना विचारायचं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

खोटं मी फार कमी बोललो. मराठी मात्र फार जपून बोललो.

आपल्या भाषेत कुणाबद्दल काही सांगायचं तर ते माणूस बाई की पुरुष हे लपत नाही. आला की आली, म्हणाला की म्हणाली. क्रियापद सांगून टाकतं. आईशी रोज रात्री साडेनऊला फोन व्हायचा. दिवसभर मी ज्याच्याबरोबर असायचो त्याची सावलीही त्या फोनवर पडू द्यायची नाही, म्हणजे किती वाक्यं वळवावी लागतात हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. "तो आजारी होता म्हणून रजा घेतली" याचं "जरा काम होतं म्हणून रजा घेतली" व्हायचं. "त्यानं पिठलं केलं" याचं "आज पिठलं झालं". 'आम्ही' हा शब्द तर देवासारखा धावून यायचा. आम्ही सिंहगडावर गेलो, आम्ही पिक्चर बघितला. आम्ही म्हणजे कोण हे आई विचारायची नाही. ऑफिसातली पोरं, असं तिनं धरूनच चाललेलं.

पण एक गोष्ट लपवायची तर तेवढीच लपवून भागत नाही. मी कुठं होतो, कुणाबरोबर जेवलो, कशानं हसलो, कुणाच्या तापानं रात्रभर जागलो, सगळंच मागं ठेवावं लागतं. हळूहळू आमच्या फोनमध्ये "जेवलास का", "पाऊस आहे का" आणि "गाडी सावकाश चालव" एवढंच उरलं. आई म्हणायची, तू लहानपणी किती बडबड्या होतास रे. लपवण्याची खरी किंमत ही. आईशी बोलायची माझी भाषाच आटत गेली.

मग आधीच का सांगितलं नाही?

आमचं घर कराडचं. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. आसपासच्या गावांत बाप आणि लेक दोघंही त्यांच्या हाताखालून गेलेत अशी कितीतरी घरं आहेत. बाजारात मला नाव नव्हतं, मी 'गुरुजींचा' होतो. सकाळी अण्णा चहा घेताना आईला पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. ३ जुलै २००९ ला मी घरी होतो. आदल्या दिवशी दिल्ली उच्च न्यायालयानं निकाल दिला होता की सज्ञान माणसांच्या आपसांतल्या, संमतीच्या संबंधांना कलम ३७७ खाली गुन्हा म्हणता येणार नाही. बातमी पहिल्याच पानावर होती. अण्णांचे डोळे तिथं थांबलेले मी पाहिले. मग ते खाली सरकले आणि अण्णांनी कोयनेच्या पाणीसाठ्याची बातमी मोठ्यानं वाचायला घेतली. ते चिडले नाहीत, नावं ठेवली नाहीत. फक्त वाचलं नाही. या घरात ही गोष्ट मोठ्यानं वाचायची नसते, हे एकविसाव्या वर्षी मला तेवढ्यात समजलं.

पुढं नोकरी लागली, पुण्यात आलो, थोडा धीर आला. माझ्यासारखी माणसं मराठीत, आपल्याच घरांबद्दल बोलताना पहिल्यांदा मी पुण्यात ऐकली. बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली इथं समपथिक ट्रस्ट सुरू केला होता, त्या कामामुळं मला 'समलिंगी' हा शब्द शिवीसारखा न वाटता वापरता यायला लागला. २०१३ च्या डिसेंबरात ताईला सांगायचं मी पक्कं केलं होतं. ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेलं ते कलम परत लागू झालं. ताईचे सासरे पोलीस खात्यातून निवृत्त झालेले. मी तिच्याकडे गेलो, भाच्यांना खाऊ दिला आणि परत आलो. मधे पावणेपाच वर्षं गेली.

त्याच पावणेपाच वर्षांत माझ्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली.

माझा बायोडाटा अण्णांनी स्वतः लिहिला. फळ्यावर लिहायचे तसं टपोरं, वळणदार अक्षर. रास, नक्षत्र, गण, नाडी, देवक, मामांचं गाव. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं. "तुझ्या अपेक्षा काय लिहू?" त्यांनी मान वर करून विचारलं, आणि त्या क्षणी त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हणालो, "तुम्हाला योग्य वाटेल ते लिहा अण्णा." त्यांनी थोडा विचार केला आणि लिहिलं, 'अनुरूप'.

तीन मुली पाहिल्या. तिसरी विट्याच्या बाजूच्या एका गावची, बी.एड. झालेली. पोहे झाल्यावर वडीलधाऱ्यांनी आम्हाला बोलायला गच्चीवर पाठवलं. शेंगा वाळत घातल्या होत्या, त्या पायानं बाजूला सारत ती उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "तुम्हाला खरंच लग्न करायचंय का?" मी म्हणालो, "घरच्यांची इच्छा आहे." तिनं मान हलवली. बहुतेक तिला उत्तर कळलं होतं. घरी आल्यावर मी नको म्हणालो, कारण काही सांगितलं नाही. कारण नाही म्हटल्यावर लोक ते शोधतातच. मावशी म्हणाली, "मुलगी सावळीच होती जरा, मी बघताक्षणीच म्हटलेलं." मध्यस्थांनी तेच तिकडे पोचवलं. मी पलीकडच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं, आणि मी बाहेर येऊन बोललो नाही. माझं गुपित राखायला त्या मुलीचा रंग खर्ची पडला. तुम्ही मला खोटेपणाबद्दल विचारता तेव्हा मला ती गच्ची आठवते. आईअण्णांची माफी मी मागितली आहे. तिची मागता आलेली नाही.

त्यानंतर "आधी घर घेतो, मग बघू" असं सांगून मी ते थांबवलं. २०१६ मध्ये तो भेटला. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्याच्या घरी अजून सांगितलेलं नाही, आणि ते कधी सांगायचं ते तोच ठरवणार.

वर्षभरानं एका रात्री आईनं फोनवर विचारलं, "कुणी आहे का रे तुझ्या मनात?" मी थकलो होतो. नाही म्हणवेना. म्हणालो, "आहे एक व्यक्ती."

व्यक्ती हा शब्द स्त्रीलिंगी. पुढची सगळी वाक्यं आपोआप घडत गेली. "पुण्यातच असते?" "हो, ती इथंच असते." "नोकरी करते?" "करते." "स्वभावानं कशी आहे?" "शांत आहे." "आपलं तिखट जेवण चालेल का तिला?" "नाही, अजिबात चालत नाही." "मग मसाला कमी टाकायला लागेल," आई म्हणाली. तिचा आवाज इतका हलका मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. व्याकरणाच्या हिशेबानं मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. कित्येक वर्षांनी पहिल्यांदाच मी तिला त्याच्याबद्दल सांगत होतो, त्याचा स्वभाव, त्याचं खाणंपिणं, आणि तिला खरोखर ऐकायचं होतं. फोन ठेवल्यावर मी खूप रडलो. पण तो शब्द मागं घेतला नाही. पुढं रोज ती विचारायची, "ती बरी आहे ना?" आणि मी बरी आहे म्हणायचो.

६ सप्टेंबर २०१८ ला, गुरुवारी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की आम्ही गुन्हेगार नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रांनी लिहिलं की इतिहासानं या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबांचीही माफी मागायला हवी. कुटुंबांचीही, या शब्दापाशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून राहिलो. पुढच्या गुरुवारी गणपती होते. मी गौरींना घरी गेलो.

रात्री आई गौरीला साडी नेसवत होती. निऱ्या धरायला घरात तिला माझाच हात लागतो, लहानपणापासून. मी खाली बसून निऱ्या धरलेल्या, ती कमरेशी खोचत होती. म्हणाली, "पुढच्या गौरींना तिला घेऊन ये. ही साडी मी तिलाच देणार आहे." डाळिंबी रंगाची, बारीक जरीकाठाची साडी.

मी म्हणालो, "आई, ती व्यक्ती मुलगी नाही. तो आहे."

आईनं वर पाहिलं नाही. एक निरी सुटली होती, ती परत घडी करून तिनं माझ्या बोटांत दिली. मग म्हणाली, "पिन दे." मी दिली. त्या रात्री तेवढंच बोलणं झालं. गौरी जेवल्या, हळदीकुंकवाच्या बायका येऊन गेल्या, ती सगळ्यांशी हसून बोलली. विसर्जन झाल्यावर, रिकाम्या मखरासमोर बसून तिनं विचारलं, "मग वर्षभर तू 'ती, ती' म्हणत होतास ते?"

"व्यक्ती म्हटलं होतं मी, आई."

"मी तिच्याशी बोलायचे रे," ती म्हणाली. "स्वयंपाक करताना. मनातल्या मनात."

तिच्या घरातून एक माणूस गेलं होतं, आणि ते आणलंही मीच होतं. त्याचं दुःख तिला करायचं होतं, आणि तेवढा वेळ तिला देणं माझं कामच होतं. ती मला टाकून बोलली नाही. पण तीन-चार महिने साडेनऊचा फोन यायचा बंद झाला. मी करायचो, ती उचलायची.

अण्णांना तिनंच सांगितलं. ते पुण्याला आले आणि म्हणाले, "चांगला डॉक्टर बघू." मी हो म्हटलं. मनोविकारतज्ज्ञ निवडताना मात्र नीट चौकशी केली, कारण हे 'बरं करून देतो' म्हणणारेही बाजारात बसलेत. (राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये असे उपचार हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. कुणी घरचे तुम्हाला तसं कुठं नेत असतील तर हे जरूर सांगा.) डॉक्टरांनी अण्णांना समजावलं की जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० सालीच हे आजारांच्या यादीतून काढलंय. अण्णा म्हणाले, "म्हणजे हा दोन वर्षांचा होता तेव्हाच." मग डॉक्टरांनी त्यांनाच विचारलं, "गुरुजी, तुम्हाला झोप लागते का?" अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. औषध अण्णांना मिळालं, झोपेचं.

फोन करणारी मुलं शेवटी विचारतात, "मग मी सांगू का घरी?" मी त्यांना उलट विचारतो. तुझी फी कोण भरतं? बाहेर काढलं तर त्या रात्री कुठं झोपशील? तुझ्याबद्दल माहीत असलेलं एक तरी माणूस हाकेच्या अंतरावर आहे का? ही उत्तरं नसतील तर थांब, आणि थांबलास म्हणून स्वतःला खोटारडा म्हणू नकोस. ज्या घरात मुलगा तोंड उघडायला सोळा वर्षं भितो, त्या घरानंही थोडं स्वतःकडे बघावं. हे मी अण्णांच्या समोरही बोललोय, त्यांनी ऐकून घेतलं. फक्त एकच सांगतो, तुझं गुपित राखायला दुसऱ्या कुणाच्या लेकीला गच्चीवर उभं करू नकोस. तिथं मात्र काहीही करून नाही म्हण, आणि दोष स्वतःवर घे.

आई आता त्याच्याशी फोनवर बोलते. पहिल्यांदा बोलली तेव्हा तिनं त्याला विचारलं, "पोटाला काय करून घालतो का हा?" अण्णांचं तसं नाही. ते माझ्यासारखं बोलायला शिकलेत. "तिकडं सगळं ठीक ना?" म्हणतात. 'तिकडं' या शब्दात तो आहे हे मला कळतं, आणि असं बोलायला किती कष्ट पडतात हेही मला कळतं. त्यांनी त्याचं नाव अजून कधी घेतलेलं नाही.

गेल्या दिवाळीला कराडहून खोकं आलं. चकल्या, करंज्या, लसणाच्या चटणीचे दोन डबे. एका डब्यावर काही नव्हतं. दुसऱ्यावर चिकटपट्टीखाली कागद लावलेला, त्यावर अण्णांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कमी तिखट'.