बंद दारांची वही

गेल्या दिवाळीत माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला, तेव्हा त्याने तळहातावर मावेल एवढी एक राखाडी पेटी आणली आणि फराळाचे ताट संपायच्या आत ती इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या टीव्हीला जोडून आपल्या बारा वर्षांच्या पुतणीच्या हवाली केली. निन्टेंडोचा सुपर एनईएस हा १९९० च्या दशकात गाजलेला कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचे यंत्र. त्याचीच ही २०१७ साली निघालेली छोटी आवृत्ती होती. हिच्यात कॅसेट घालावी लागत नाही, २१ खेळ आतच भरलेले असतात. कन्येने यादी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा सरकवली, गाड्यांच्या शर्यती आणि गुद्दागुद्दी पहिल्याच फेरीत बाद केली आणि मग मला विचारले, "बाबा, ज्यात लढायचंही असतं आणि हुडकायचंही असतं, तसल्यातला सगळ्यात चांगला कुठला? परीक्षेआधी मला एकच खेळता येईल."

ज्याला इंग्रजीत ॲक्शन-ॲडव्हेंचर म्हणतात, त्याची याहून नेटकी व्याख्या मला आजवर करता आलेली नाही. "विचार करून सांगतो," असे म्हणून मी चिवड्याची वाटी घेऊन बाजूला झालो. हा विचार पुढे तीन आठवडे चालला, आणि त्या तीन आठवड्यांत घरातली इतर बरीच कामे पडून राहिली, अशी तिच्या आईची तक्रार आहे.

अडचण अशी होती की, आमच्या पिढीचे या बाबतीतले शिक्षण मुळातच एकांगी झालेले आहे. आमच्या लहानपणी इंदूरच्या घरांमध्ये जो 'व्हिडिओ गेम' असे, तो बहुधा निन्टेंडोच्याच १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलची स्वस्त नक्कल असे. माझा जेल रोडवरून आला होता. टीव्हीच्या अँटेनाच्या जागी त्याची वायर खोचायची, चॅनेलची चकती मुंग्या जाऊन चित्र येईपर्यंत फिरवायची, आणि तरीही चित्र आले नाही, तर कॅसेट काढून तिच्या दातांवर फुंकर मारायची, हा सगळा विधी पाठ होता. कंट्रोलरला आम्ही 'रिमोट' म्हणत असू. कॅसेटवर '९९९९९९९ इन १' असे छापलेले होते. मी आणि माझ्या मावसभावाने एका मे महिन्याच्या दुपारी नेटाने मोजणी केली, तेव्हा त्या एक कमी एक कोटी खेळांतले खरे वेगळे चौदाच निघाले. उरलेले सगळे त्याच चौदांचे सख्खे-चुलत भाऊ होते. दुकानदाराला आम्ही हे सांगितले, तेव्हा त्याने, "चौदा तर चालताहेत ना?" असे विचारून आमचे तोंड बंद केले.

त्या चौदांत काँट्रा होता, मारिओ होता, रणगाड्यांचा खेळ होता आणि 'ॲडव्हेंचर आयलंड' नावाचाही एक होता. त्यात कमरेला पानांचा घागरा बांधलेला एक गृहस्थ फळे खात, दगडी कुऱ्हाडी फेकत उजवीकडे पळत सुटतो. नावात ॲडव्हेंचर एवढेच. उजवीकडे पळणे हीच आमच्या बालपणातल्या खेळांची एकमेव दिशा होती. मागे वळून पाहावे, पहिल्या पडद्यात राहून गेलेल्या एखाद्या गोष्टीकडे दहाव्या पडद्यावरून परत यावे, ही कल्पनाच त्या कॅसेटमध्ये नव्हती.

याचे कारण मला फार उशिरा कळले, आणि ते एका गोल चपट्या सेलमध्ये दडलेले होते. निन्टेंडोचे या जातीतले दोन आद्य खेळ, 'लेजंड ऑफ झेल्डा' आणि 'मेट्रॉइड', १९८६ साली जपानात निघाले ते कॅसेटवर नव्हे, तर फॅमिकॉमला जोडायच्या डिस्कवर, कारण डिस्कवर खेळाडूची प्रगती लिहून ठेवता येत असे. पुढच्या वर्षी झेल्डा अमेरिकेत सोनेरी कॅसेटमध्ये गेला, तेव्हा त्या कॅसेटच्या पोटात एक सेल बसवावा लागला, म्हणजे बटण बंद केले तरी आतली आठवण जिवंत राहावी. मेट्रॉइडला तोही मिळाला नाही. त्याच्या अमेरिकी कॅसेटवर खेळाडूला २४ अक्षरांचा सांकेतिक शब्द उतरवून घ्यावा लागे, आणि एक अक्षर चुकले की सगळी मेहनत वाया जाई. ज्या खेळात जग मोठे असते, त्यात आठवण लागतेच. आमच्या स्वस्त कॅसेटींना सेल परवडणारा नव्हता, म्हणून त्यांत अर्ध्या तासात आटोपतील असेच खेळ भरलेले असत. त्यातून उन्हाळ्यात रोज दुपारी लाइट जाई. ज्याच्यापाशी काही साठवलेलेच नाही, त्याचे लाइट जाण्याने फारसे बिघडत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

साठवलेले गेले म्हणजे काय होते, हे मी कॉलेजात गेल्यावर शिकलो. तेव्हा तासावर पैसे घेणाऱ्या एका गेम पार्लरमध्ये मला प्लेस्टेशनवरचा 'कॅसलव्हेनिया : सिंफनी ऑफ द नाइट' सापडला. १९९७ चा हा खेळ. त्याचा नायक आल्युकार्ड सुरुवातीला उत्तमोत्तम शस्त्रे आणि चिलखते लेवून ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात शिरतो, आणि थोडे पुढे जातो न जातो तोच साक्षात मृत्यू समोर येऊन त्याचे सगळे काढून घेतो. पुढचा सारा खेळ हे गमावलेले हुडकत, वटवाघूळ, लांडगा आणि धुके होण्याच्या विद्या मिळवत चालतो. आधी जिथे जाळीच्या दारापाशी हात टेकून परत फिरलो होतो, तिथून धुके होऊन आरपार गेलो, तेव्हा पार्लरच्या बाकड्यावर बसल्या बसल्या माझ्या अंगावर काटा आला होता. खेळातली प्रगती साठवायच्या मेमरी कार्डवर एकूण १५ घरे असत आणि ते कार्ड पार्लरच्या सगळ्या गिऱ्हाइकांत सामायिक होते. एका सोमवारी जाऊन पाहतो, तर माझ्या घरात कोणीतरी आपला क्रिकेटचा सामना ठेवून दिलेला. पार्लरवाल्याने, "भिया, फिर से खेल लो," असे सांगितले. मी खेळलो नाही. पण त्या किल्ल्यातल्या जिन्यांचा क्रम, कुठल्या भिंतीमागे पोकळ आवाज येतो, कुठले दार अजून उघडायचे राहिले आहे, हे मला आजही सांगता येते. पुढे किल्ला अख्खा उलटा होतो आणि छतावरून चालावे लागते, हे मात्र मी नंतर दुसऱ्याच्या तोंडून ऐकले.

तर मुलीच्या प्रश्नावर विचार करताना मी हीच कसोटी धरली. चित्रे, संगीत, गोष्ट, शत्रूंची संख्या यांवरून खेळांना गुण देत बसण्यात मला रस वाटला नाही. टीव्ही बंद केल्यावर, दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना किंवा बँकेच्या रांगेत उभे असताना, ज्या खेळातले एखादे बंद दार अचानक आठवते आणि "अरे, ते आता उघडेल की," असे वाटते, तो चांगला.

या कसोटीला पहिला झेल्डा उतरतो, पण तो मी सन्मानाने बाजूला ठेवला. त्याचा जनक शिगेरू मियामोतो क्योतोजवळच्या आपल्या गावाच्या परिसरात लहानपणी गुहा हुडकत भटकत असे आणि ते भटकणे त्याने त्या खेळात ओतले, हे खरे; परंतु कुठले झुडूप जाळले की खाली जिना निघेल, याचा काहीएक सुगावा न देता तो खेळाडूला मोकळ्यावर सोडून देतो, आणि आजच्या मुलाला ते भटकणे न वाटता छळ वाटण्याचा संभव अधिक. १९९६ चा 'टूम्ब रेडर' मला फार आवडे, कारण त्यात उडी अक्षरशः मोजून मारावी लागते: कडेपर्यंत यायचे, एक टुणकी मागे घ्यायची, धावायचे आणि मग झेपावायचे. पण त्याचा कॅमेरा भिंतीत तोंड खुपसून बसतो. १९९८ चा 'ओकारिना ऑफ टाइम' थोर आहे, त्याच्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. शिवाय हे दोन्ही पेटीत नव्हतेच.

पेटीत होते ते 'अ लिंक टू द पास्ट' आणि 'सुपर मेट्रॉइड'. येथे माझी खरी पंचाईत झाली.

'अ लिंक टू द पास्ट' हा १९९१ चा झेल्डा. पावसाळी रात्री काका तलवार घेऊन बाहेर पडतो, "तू घरीच थांब," असे पुतण्याला बजावतो, आणि पुतण्या अर्थातच थांबत नाही. त्यात एकाच भूमीची दोन रूपे आहेत, एक उजेडातले आणि एक अंधारातले. नदी, डोंगर, गाव, सगळे आपापल्या जागी. फक्त एका जगात जिथे शांत घर आहे, तिथे दुसऱ्यात काही भलतेच नांदते आहे. अंधाऱ्या जगात नेमक्या जागी उभे राहून जादूचा आरसा धरला की आपण उजेडातल्या त्याच जागेवर येतो, आणि एरवी पोहोचता न येणारी एखादी कपार अशी पायाखाली येते. हे मुलीला समजावताना मला फारसे शब्द लागले नाहीत. मी तिला फक्त सराफ्याची आठवण करून दिली. दिवसा आजीबरोबर पैंजण बदलायला ती ज्या पेढीची पायरी चढली होती, त्याच पायरीवर रात्री नऊनंतर, शटर खाली आल्यावर, गराडू हा कंद तळायची कढई तापत असते. रस्ता तोच, ओटे तेच. भुट्ट्याच्या किसाच्या वासामागे चालत गेले की सोनाराचे दुकान कुठे होते, ते ओळखायला पाटी वाचावी लागते. "म्हणजे आपल्याकडे आरसा नऊ वाजता धरतात," असे ती म्हणाली, आणि तिथेच हा खेळ जिंकला, असे मला क्षणभर वाटले.

पण 'सुपर मेट्रॉइड' मनातून हटेना. १९९४ चा हा खेळ जवळजवळ मुका आहे. सुरुवातीचे निवेदन संपले की सॅमस नावाची ती चिलखतधारी बाई पावसात एका ओसाड ग्रहावर उतरते आणि पुढे कोणी काही सांगत नाही. एके ठिकाणी आपण खोल विहिरीत पडतो. बाहेर यायला वाट नाही. तिथे तीन लहानगे हिरवे प्राणी आहेत, ते या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या घेत वर जातात, परत खाली येतात, पुन्हा वर जातात. पडद्यावर एक अक्षर उमटत नाही. आपण त्यांच्याकडे बघत राहतो, मग एकदा तशीच उडी मारून पाहतो, पडतो, पुन्हा मारतो, आणि पंधराव्या-विसाव्या वेळी विहिरीबाहेर येतो. ही विद्या आपल्याला पहिल्यापासूनच येत होती, फक्त माहीत नव्हते, हे तेव्हा कळते. शिकवणी वर्गांच्या या शहरात राहणाऱ्या बापाला असा गुरू आवडला, तर त्यात नवल नाही.

अखेर वीजबिलाच्या पाठीवर मी दोन्ही नावे लिहिली, झेल्डाचे खोडले, पुन्हा लिहिले आणि शेवटी मेट्रॉइडखाली दोन रेघा ओढल्या. या पेटीत प्रत्येक खेळ चार ठिकाणी गोठवून ठेवता येतो. ती सोय वापरू नकोस, खेळात जिथे साठवण्याची जागा येईल तिथेच साठव, असे मी सांगितले. तिने मान हलवली आणि पहिल्याच दिवशी ती सोय वापरली. मात्र खजुरी बाजारातून आणलेली चौकटीची वही तिने आपण होऊन उघडली. खेळात नकाशा असतानाही तिच्या वहीत तिचा स्वतःचा नकाशा आहे, आणि समासात बंद दारांची यादी: 'लाल दार, पाच क्षेपणास्त्रे?', 'फरशीखाली पोकळी, उंदीरसुद्धा जाणार नाही', 'काचेचा बोगदा, बाहेर पाणी, काहीतरी पोहतंय'.

या काचेच्या बोगद्यातून खेळाडू अनेकदा येतो-जातो. त्याला दार नाही, कुलूप नाही, सूचना नाही. पुढे पॉवर बॉम्ब हाती आल्यावर त्याच बोगद्यात उभे राहून तो फोडला, की काचेला तडा जातो, बोगदा फुटतो आणि बाहेरचे ते पाण्याचे जग, जे इतका वेळ निव्वळ देखावा वाटत होते, चालत जाण्याजोगे होते. मला हे ठाऊक आहे, आणि गेले दहा दिवस ते पोटात ठेवणे मला फार जड जात आहे.

आज रविवार. सकाळी मी पोहे आणि जिलेबी घेऊन आलो, पोह्यांवर जिरावण मसाला भुरभुरला आणि तिला हाक मारली. ती पेन्सिल दातांत धरून वहीतल्या त्या ओळीकडे बघत बसली होती. कालच तिला पॉवर बॉम्ब मिळाला आहे.

"बाबा, ही काच नुसती काचच आहे का हो?"

"पोहे गार होताहेत," मी म्हणालो.